खायची चमकी

आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद कशावरून झाले असतील तर ते चमकीवरून. साडीवरच्या नव्हे, केकवरच्या. माझं म्हणणं, केक खायचा असतो, त्याला नवरीसारखं नटवायचं काही कारण नाही. आईचं म्हणणं, नटलेला केक काय कडू लागतो? यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलं की मी चिडते. अजूनही चिडते, माझ्या नवऱ्याला विचारा.

आई धुळ्यात केक करून द्यायची. ऐंशीचं दशक तेव्हा नुकतं लागलं होतं. आमच्या गल्लीत वाढदिवस म्हणजे औक्षण, शिरा आणि जमलाच तर नवा फ्रॉक. अशा दिवसांत ती सुट्टीतल्या एका वर्गाला जाऊन केक शिकून आली आणि मग थांबलीच नाही. पत्र्याचा गोल ओव्हन आला. केक फिरवायला टेबल हवं असतं, ते कुठून आणणार? तिने पिठाचा डबा पालथा घातला, त्यावर पोळपाट ठेवला आणि तोच फिरवायला लागली. बटर पेपरचा कोन वळून त्यातून ती आयसिंगची अशी फुलं काढायची की शेजारच्या बायका स्वयंपाक टाकून बघायला यायच्या. हळूहळू तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची 'केकवाल्या काकू' झाली. पिंपळनेरकडच्या शेतकरी घरातून आलेली, सातवीत शाळा सुटलेली बाई ती. रस्त्यात कुणी या नावाने हाक मारली की पदर सावरून थांबायची आणि दोन मिनिटं जास्तच बोलायची. ते नाव तिला फार आवडायचं.

चमकी तिची स्वतःची होती. केकवर टाकायची खायची चमकी तेव्हा आमच्याकडच्या बाजारात कुणाला ठाऊकसुद्धा नव्हती. ती मिठाईवर लावायचा चांदीचा वरख आणायची. दगडी खलात पिठीसाखर घ्यायची, वरखाचं एकेक पान त्यात सोडायचं आणि बत्ता न आपटता नुसता गोल गोल फिरवत राहायचं. घाई केली की वरखाच्या गोळ्या होतात आणि सगळं वाया जातं. सोनेरी हवी असेल तर साखर आधी केशराच्या पाण्यात भिजवून, वाळवून, मग कुटायची. तयार झालेली भुकटी ती जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधायची आणि ती पुरचुंडी केकवर धरून बोटाने टिचक्या मारायची. चांदी इतकी हळू खाली उतरायची की ती टाकली जाते आहे हे कळायचंच नाही. एकदम उजेड पडल्यासारखा केक चमकायला लागायचा.

यातली खरी शिक्षा आम्हांला होती. पुरचुंडी बाहेर निघाली की पंखा बंद, कूलर बंद, खिडकीला पडदा. धुळ्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्यालाच कळेल मी काय सांगते आहे ते. आम्ही घामाने थबथबून बसलेलो आणि आई शांतपणे टिचक्या मारते आहे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते दारात उभे राहून विचारायचे, "आवं, दम लेऊ का नको?" आई मान वर न करता म्हणायची, "बाहेर जाईसन ल्या."

माझा मामा सुरतेला जरीच्या कारखान्यात होता. खानदेशातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच, तसा आमचा मामा. बहिणीला खल घेऊन बसलेली पाहून त्याला वाईट वाटलं. "अक्का, तू वरख कुटत बसस, तठे डबाना डबा भरेल ऱ्हातस," असं म्हणून पुढच्या खेपेला तो खरंच एक डबी घेऊन आला. आत सोनं. आईच्या भुकटीपेक्षा दहापट झगझगीत. आम्ही सगळे वाकून बघतो आहोत, मामा फुगलेला, आणि आईने चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली. डोळे मिटले. दात हळूच एकमेकांवर घासले.

"दातखाले वाजस," ती म्हणाली.

मामा म्हणाला, "सुरतनी शे अक्का!"

"सुरतनी व्हई, पोटनी नही."

ती लग्नपत्रिकांवर आणि ओढण्यांवर चिकटवायची चमकी होती. मामाने आपल्या कारखान्याच्या शेजारून आणली होती आणि चमकी म्हणजे चमकी, त्यात खायची-लावायची काय, असा त्याचा सरळ हिशोब. आईने डबी फेकली नाही. त्या श्रावणात आमच्या कानबाईला जी आरास केली त्यात ती सगळी वापरून टाकली. देवी अशी झळकत होती की भाऊबंद दारातच थबकून "दखायनी वं माय", म्हणजे दिसलीस गं आई, असं म्हणत हात जोडत होते. मामाला तेवढंच समाधान.

ऐंशीचं दशक संपता संपता आईचा हात चमकीवर सैल सुटला. आधी ती फक्त फुलांच्या टोकांवर टाकायची, पाहणाऱ्याला जेमतेम कळेल एवढी. मग पाकळ्यांच्या कडांवर आली. मग केकच्या कडेने गोल रेघ आली, मग अख्खा केक, आणि शेवटी तर केकखालच्या पुठ्ठ्यावरसुद्धा. गिऱ्हाइकं खूश होती. "काकू, तुमचा केक दुरून ओळखू येतो," असं म्हणायची. भाऊ मात्र स्कूटरवरून केक पोचवायला निघताना म्हणायचे, "हाऊ केक शे का देवनं मखर?" आणि मी तर होतेच बोलायला.

खरी गोष्ट अशी होती की आईची नजर चालली होती. आम्हांला ते माहीत नव्हतं, तिला होतं. पांढऱ्या आयसिंगवरचं पांढरं फूल कुठे संपतं ते तिला दिसेनासं झालं होतं. आणि केक सोडला तर आपल्यातलं काय उरतं, या भीतीने ती ते कुणाला सांगत नव्हती. चमकीवर उजेड पडला की तेवढं तिला दिसायचं. म्हणून ती एक रांग काढायची, त्यावर चमकी टाकायची आणि त्या चमकणाऱ्या रांगेच्या आधाराने पुढची रांग काढायची. आम्ही ज्याला हौस म्हणत होतो ती तिची काठी होती.

हे मला कळलं ते लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा. लग्न होऊन मी जळगावला गेले होते. सातव्या महिन्यात भाऊ मला आणायला आले आणि मी धुळ्याला येऊन पाय लांब करून बसले. बसल्याबसल्या आईच्या कामाकडे बघण्याशिवाय मला उद्योग नव्हता.

त्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरून निरोप आला. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलींनी समारंभ ठरवला होता. मुलगी स्वतः येऊन सांगून गेली, "काकू, बाबांना भपका आवडत नाही. चमकी अजिबात नको. साधा पांढरा केक, पांढरी फुलं." मला इतका आनंद झाला की मी तिला चहा करून पाजला. शेवटी या गावात शहाणं माणूस सापडलं, असं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. आईने नुसते कप उचलले. एरवी तिने मला सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केक सजवायला बसली. मी समोर तक्क्याला टेकून होते. तिने कडेची वेलबुट्टी काढायला घेतली आणि कोन केकच्या कडेवरून सरळ बाहेर गेला. अर्धी वेल पोळपाटावर उतरली. तिने सुरीने पुसून पुन्हा सुरुवात केली. या वेळी फूल फुलावर बसलं. "उन्हाने आयसिंग सैल झालंय," असं मी म्हणाले, ती हो म्हणाली. तिसऱ्यांदा तिने केकवर वाकून, नाक टेकेल इतकं जवळ जाऊन काढलं, आणि तरी वेल मधूनच खाली घसरली. आई कधी वस्तूंवर राग काढत नाही. तिने तो कोन भिंतीवर फेकून मारला.

मी उठेपर्यंत तिने फडताळातली पुरचुंडी काढली होती. पंखा बंद केला. कडेने भराभरा टिचक्या मारल्या, नवा कोन घेतला आणि एका दमात सगळी वेल काढून टाकली. एक पाकळी इकडची तिकडे नाही.

मी काही विचारायच्या आधीच ती पांढऱ्या आयसिंगवरून बोट फिरवत म्हणाली, "धवयावर धवयं दखास नही माले. चमकस तितलंच दखास."

"कधीपासून?"

"तू कॉलेजमा व्हती तवपाईन." मग जरा थांबून, "भाऊले सांगू नको."

घरात ती आमच्याशी अहिराणीत बोलायची आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायचे, ही आमची जुनी रीत. त्या दिवशी ती रीत मोडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, पोटुशी बाई आहेस, रडू नकोस, बाळ रडकं होईल. चमकी टाकलेला तो केक तिने आम्हांलाच खायला ठेवला. मुख्याध्यापकांसाठी दुसरा भाजला, वरून साधं आयसिंग फिरवलं आणि फुलांच्या जागी मला मोगऱ्याच्या कळ्या गोल मांडायला लावल्या. मुलीला तो फारच आवडला. तिला काय माहीत.

भाऊंना मी सांगितलंच. न सांगून कसं चालणार होतं? डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू आहे म्हणाले. नस सुकत चालली आहे, गेलं ते परत यायचं नाही, थेंब घालून आहे तेवढं सांभाळा. आम्ही रिक्षाने घरी आलो. चपला काढताना भाऊ म्हणाले, "बंद करी दे आते. एखादा दिन हात भाजी लिशी."

"मना हात मना शेतस," आई म्हणाली.

भाऊ ओरडणारे नव्हते. ते ओव्हनजवळ गेले, त्याची वायर गुंडाळली आणि तो माळ्यावर ठेवायला उचलला. तेव्हा आई त्यांच्या वाटेत उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला भाऊंपुढे अशी उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाली, "हिना लेकरूना पहिला वाढदिवस व्हवू द्या. तो केक मी करसू. मंग ओव्हन कोनले बी दी टाका." भाऊंनी ओव्हन खाली ठेवला. बाहेरच्या ऑर्डरी त्या दिवसापासून बंद झाल्या. दारात कुणी आलं की आईच सांगायची, आता नाही करत. का, ते सांगायची नाही.

मला मुलगी झाली. बाळंतिणीची खोली मधली, अंधारी. आई पाटावर बसून मुलीला पायांवर घ्यायची, तेल लावायची, न्हाऊ घालायची, आणि तिचा हात एकदाही चुकला नाही. कान कुठे, बेंबी कुठे, मानेची घडी कुठे, सगळं तिच्या बोटांना पाठ. पण मुलगी कशी दिसते ते ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. "कोनासारखी शे वं?" शेजारीण सांगायची बापासारखी, मामा सांगायचा आपल्यासारखी, भाऊ म्हणायचे अजून काही ठरत नाही. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मग सगळे गेले की मुलीला उचलून दारापर्यंत जायची, उजेडाकडे धरायची, अगदी डोळ्यांजवळ न्यायची आणि परत आणून ठेवायची. तिने नातीला हातांनी ओळखलं होतं, डोळ्यांनी नाही. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं. आईला डोळे तरी दिसावेत म्हणून मी बारशाला मुलीला काजळ जरा जाड घातलं. तेवढ्याने काही झालं नाही.

वर्षाने जळगावला वाढदिवस ठरला. आदल्या दिवशी आई-भाऊ एसटीने आले. भाऊंच्या हातात ओव्हन आणि आईच्या मांडीवर दगडी खल, फडक्यात बांधलेला. सासूबाई खल पाहून म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या घरात खलबत्ता आहे हो." आई हसून म्हणाली, "असेल हो. पण हा माझं ऐकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. मी मदतीला गेले तर मला हाकललं. या एका वर्षात एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसऱ्यात धुरकट काहीतरी उरलं होतं. तिने पोळपाट खिडकीशी, उन्हाच्या तिरिपेत ठेवला. चमकी टाकायची, बोटांनी चाचपायची, मान तिरकी करून बघायची, एक फूल काढायची. पुन्हा चमकी. भाऊ दाराशी खुर्ची टाकून बसले होते. जळगावचं ऊन धुळ्याहून काही कमी नाही, पंखा बंद, तरी ते दम घ्यायला एकदाही बाहेर गेले नाहीत. मध्येच आईचं एक फूल केकवरून सुटून खाली पडलं. भाऊ उठले, बोटाने ते उचललं, परत केकवर ठेवलं आणि जागेवर येऊन बसले. आईला कळलं की नाही मला माहीत नाही.

केक झाला. वेल एका बाजूला चढली होती, एका बाजूला उतरली होती, फुलं कुठे दाटीवाटीने तर कुठे विरळ. पूर्वीची ती 'केकवाल्या काकू' असती तर तिने तो खरवडून काढला असता. पण चमकत होता असा की सासूबाईंनी सगळी गल्ली बोलावून दाखवला. आईने पाणी मागितलं, हात पुसले. मला वाटलं, आता ती रडेल, कारण हा शेवटचा होता. मीच पदर तोंडाला लावून उभी होते.

ती म्हणाली, "जराशी उरेल शे. पोरले आन इकडे."

मुलगी नुकती झोपून उठली होती, गाल लाल, केस उभे. मी तिला आईच्या मांडीवर दिली. आईने तिला खिडकीकडे वळवून बसवलं आणि पुरचुंडी तिच्या चेहऱ्यावर धरली.

मला वाटलं, हिला आता केक आणि पोर यातलाही फरक कळेना. मी हळूच म्हणाले, "आई, केक तिकडे आहे."

"माले मालूम शे. चूप बैस."

तिने टिचकी मारली. कपाळावर, मग नाकावर, मग दोन्ही गालांवर, हनुवटीवर. इतक्या हलक्या हाताने की पोरगी रडली नाही, नुसती डोळे मिचकावत जीभ बाहेर काढून गोड लागतंय का बघत राहिली. मग आईने पुरचुंडी खाली ठेवली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उन्हात इकडून तिकडे वळवलं. नाकाच्या शेंड्यावरून, गालाच्या उंचवट्यावरून, हनुवटीच्या खळीवरून तिची नजर सावकाश फिरत गेली. एका फुलानंतर दुसऱ्या फुलावर जावी तशी. भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. कुणी पंखा लावला नाही.

"नाक मनी मायनं शे," आई म्हणाली. "कोनी सांगं नही माले."

पोरगी तिच्याकडे बघून हसली. आईने कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि अगदी हळू, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच, म्हणाली, "आते दखायनी वं माय तू माले."